डाव्या सीटचा ब्रेक

ओव्हरटेक शिकवताना मास्तर आंधळा असतो. आमच्या धंद्यात ही गोष्ट कुणी उघड बोलत नाही, पण खरी आहे. गाडी शिकवणारा बसतो डावीकडं, स्टेअरिंग उजवीकडं. पुढं ट्रक असला की त्याच्या उजव्या अंगानं रस्ता किती मोकळा आहे ते बघायचं असतं आणि ते दिसतं फक्त शिकणाऱ्याला. मास्तरच्या नाकासमोर ट्रकचा फाळका. त्यावर काळी बाहुली, कुणाच्या तरी आईचा आशीर्वाद आणि खालून येणारा धूर. मी निपाणीत एकोणतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. त्यातली निम्मी वर्षं फाळके वाचण्यात गेली म्हणा की.

म्हणून आम्ही विचारतो, "दिसतंय काय?" शिकणारा म्हणतो, "दिसतंय." मग आम्ही म्हणायचं, "जा." गेल्या आठवड्यात क्लच कुठला आणि ब्रेक कुठला यात घोटाळा करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर आपला जीव टाकायचा. लोकांना वाटतं, मास्तर लई धीराचा. धीर कसला डोंबलाचा! आमच्या पायाशी एक ब्रेक असतो, त्याच्या जिवावर सगळ्या उड्या.

हा ब्रेक म्हणजे शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढं पायाशी बसवलेलं जादा पॅडल. एका दांडीनं ते मुख्य ब्रेकला जोडलेलं असतं. शिकणारा चुकला की मास्तर दाबतो. माझा उजवा पाय त्याच्यावर इतकी वर्षं टेकलेला, की पुढं पुढं तो पाय माझा राहिला नाही. एसटीत बसलो तरी तो खाली काहीतरी शोधायचा. लग्नात पंगतीला बसलो आणि वाढपी जोरात आला तरी दाबायचा. बायको म्हणायची, "अहो, पाय आवरा. लोक बघाय लागल्यात."

या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "सर, गमतीजमती लिहा, तुमच्याकडं किस्से लई असतील." किस्से आहेत, सांगतो. पण मी हो म्हटलं ते किस्स्यांसाठी नाही. माझ्याकडून शिकून गेलेल्या एका बाईंना मला एक वाक्य सांगायचं होतं. अकरा वर्षं ते सांगायचं राहिलंय.

तर आधी किस्से.

तंबाखूचे एक व्यापारी होते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. साठी उलटल्यावर त्यांनी गाडी घेतली आणि शिकायला आले. सगळा जन्म बैलगाडीत आणि मग मुलाच्या मोटारसायकलवर मागं. गाडी थांबवायची झाली की आप्पा ब्रेक मारायच्या आधी तोंडानं "हो, हो, हो" करायचे आणि स्टेअरिंग दोन्ही हातांनी छातीकडं ओढायचे. मी म्हणायचो, "आप्पा, तिला कान न्हाईत." आप्पा म्हणायचे, "सवय होईल तिला." तिला कसली सवय होतीय! पण आप्पांचा ओव्हरटेक तर जगात कुणी केला नसेल असा. चिकोडी रोडला पुढं तंबाखूची बोदं भरलेला टेम्पो होता. मी विचारलं, "दिसतंय?" "दिसतंय." "जा." आप्पा झकास गेले, टेम्पोच्या बरोबरीला आले आणि तिथंच थांबले. म्हणजे गाडी चालूच, पण वेग टेम्पोएवढाच. काच खाली केली, माझ्या अंगावरनं मान बाहेर काढली आणि टेम्पोवाल्याला विचारतात, "काय पाव्हणं, कुठल्या रानाचा माल म्हणायचा?" वासावरनंच त्यांना कळलं होतं, माल चांगला आहे. टेम्पोवाला पण बहाद्दर, तो सांगाय लागला. दोघं रस्ता भरून शेजारी शेजारी चाललेत आणि मी मधी बसून ओरडतोय, "आप्पा, आधी पुढं व्हा, मग बोला!"

दुसऱ्या एक बँकेच्या मॅनेजर बाई. धारवाडकडून बदली होऊन आलेल्या, मराठी कळायचं पण बोलायचं कन्नडच. आमचं काय, सीमेवरची माणसं, दोन्ही जिभा एकाच तोंडात. बाई अतिशय सभ्य. उजवा इंडिकेटर लावायच्या आणि ट्रकच्या मागं वाट बघत राहायच्या. एक किलोमीटर, दोन किलोमीटर. मी म्हणायचो, "मॅडम, होग्री." म्हणजे जावा की. बाई म्हणायच्या, "अवरु बिडबेकल्ला?" त्यांनी सोडायला नको का? ट्रकवाल्यानं मागं बघून, या बाई, असं म्हटल्याशिवाय पुढं जाणं त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं. शेवटी एका ट्रकच्या क्लीनरनं खरंच हात बाहेर काढून बोलावलं. बाईंनी जाताना त्याला नमस्कार केला, दोन्ही हात सोडून. त्या वेळी माझा ब्रेक बरोबर जागी होता.

हसायला ठीक आहे. पण ओव्हरटेक हा आमच्या शिकवण्यातला सगळ्यात मोठा धडा आणि आरटीओच्या परीक्षेत तो नसतोच. आठचा आकडा काढा, मागं घ्या, चढाला थांबवून उचला, झालं लायसन. म्हणून माझ्याकडं वीस दिवसांचा कोर्स झाला, लायसन हातात पडलं, की मी एक जादा दिवस बोलवायचो. एकविसावा दिवस. निपाणी ते चिकोडी आणि परत. उसाच्या हंगामातच, कारण तेव्हा त्या रस्त्यावर ओव्हरटेक करायला काही ना काही मिळतंच.

त्या दिवशी मी काय सांगायचो ते थोडक्यात सांगतो. पुढच्या गाडीला चिकटायचं नाही. जितकं मागं राहाल तितका तिच्यापुढचा रस्ता जास्त दिसतो, हे नव्या माणसाला पटतच नाही. मग गाडीला आधी विचारायचं. हो, विचारायचं. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला तर छोटी गाडी म्हणते, थांबा, चहा पिऊन येते. तिसरा टाकला की लगेच उठते. चौघं बसलेत का दोघं, रस्ता चढाचा आहे का, एसी चालू आहे का, यावर तिचं उत्तर बदलतं. तवंदी घाटात जी गाडी नाही म्हणते तीच सपाटीला पळत सुटते. इंजिनचा आवाज कानात, सीटचा धक्का पाठीत आणि डोळे लांब समोर. आणि शेवटचं, मी प्रत्येकाकडून तीनदा म्हणून घ्यायचो ते: निम्म्यावर गेल्यावर ब्रेक नाही. शेजारी निम्मं अंतर गेलात की आता पुढं होणं हेच सुरक्षित. मधेच थांबलात तर ना इकडचे ना तिकडचे.

हे सगळ्यात चांगलं कुणाला कळलं असेल तर वैशाली सिस्टरांना.

वैशाली नर्स होत्या. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल, आई विड्या वळायची. त्यांच्या गल्लीत बाबासाहेबांच्या जयंतीला जो पहिला सत्कार व्हायचा, तो या पोरीचा. चिकोडीच्या पलीकडं एका गावातल्या सरकारी दवाखान्यात नेमणूक झाली होती. एसटीची वेळ जुळायची नाही, म्हणून जुनी गाडी घ्यायचं ठरवलं आणि शिकायला आल्या. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "सर, आमच्या घरात आजवर सायकलच्या पुढं कुणी काय चालवलं न्हाय. मी चुकले तर रागवा, पण सोडू नका."

गाडीत बसलं की आप्पा, मॅनेजर बाई अशी एकदोन माणसं सोडून मी सगळ्यांना अरे-तुरे करायचो, मामलेदार असला तरी. "ब्रेक दाब" म्हणण्यात जो वेळ लागतो तो "ब्रेक दाबा बरं का" म्हणण्यापेक्षा कमी. पण सिस्टरांना मी फार कमी ओरडलो. लागतच नव्हतं. काही माणसांच्या पाठीला गाडी कळते. त्या क्लच सोडायच्या तेव्हा मागच्या सीटवरच्या माणसाची मान हलायची नाही. दहाव्या दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, "सर, आज गाडी जड लागाय लागलीय, हवा कमी असंल." उतरून बघितलं तर मागचं एक चाक बसलेलं. मला कळलं नव्हतं. एकोणतीस वर्षांत असे शिकणारे मला चार-पाच मिळाले असतील, आणि खरं सांगतो, मास्तर त्या चार-पाच जणांसाठीच रोज सकाळी गाडी पुसतो.

त्यांचा एकविसावा दिवस जानेवारीतला. सकाळी नऊची वेळ. आमच्यात एकाच फेरीत तिघांना न्यायची पद्धत, एक चालवतो, दोघं मागं बसून बघतात. मागं बँकेतले एक क्लार्क होते आणि किराणा दुकानवाल्या एक काकू. चिकोडी अजून लांब होती तोवर पुढं उसाचा ट्रॅक्टर आला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं ट्रॅक्टरला एक नाही, दोन ट्रॉल्या जोडतात. मागची ट्रॉली पुढचीला झाकते, त्यामुळं नवख्याला वाटतं, एकच आहे. तो शेजारी जातो आणि बघतो तर ऊस संपतच नाही. ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला, ट्रॉली डुलत डुलत चाललेली. वर ट्रॅक्टरवाल्यानं मोठाले स्पीकर लावलेले, तुमचा हॉर्न त्याच्या बापाला ऐकू जात नाही.

सिस्टर व्यवस्थित मागं राहिल्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "दोन ट्रॉल्या हाईत सर. जास्त रस्ता लागणार." शाब्बास म्हटलं मनात. दोनदा बघितलं, दोनदा थांबल्या. मग रस्ता सरळ झाला. मी विचारलं, "दिसतंय काय?"

"दिसतंय. लांबपर्यंत मोकळा हाय."

"जा."

तिसरा टाकला, इंडिकेटर, हॉर्न, गाडी उठली. इतकी सुरेख उठली की अजून अंगाला आठवते. मागची ट्रॉली गेली. पुढच्या ट्रॉलीच्या बरोबरीला आलो. आता बघा, उजवीकडनं पुढं जाताना ती ट्रॉली असते कुणाच्या बाजूला? माझ्या. सिस्टरांना समोर रस्ता दिसत होता, मला दिसत होता ऊस. काचेला लागून, डुलणारा, हातभर अंतरावर. ट्रॉली जरा आमच्याकडं कलली आणि एक कांडं माझ्या बाजूच्या आरशावर आदळलं. खाट्‌! आरसा तुटून लोंबला.

आणि माझा पाय गेला.

दाबला म्हणजे पुरता दाबला. निम्म्याच्या पुढं गेलेली गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला चीं करून थांबली आणि बंद पडली. ट्रॅक्टर गाणी वाजवत निघून गेला. मागनं येणारा एक टेम्पो डावीकडनं शिव्या देत गेला. आम्ही उताण्या झुरळासारखे रस्त्याच्या मधे. सिस्टरांचे हात स्टेअरिंगवर, ओठ पांढरे. मागं काकू देवाचं नाव घेत होत्या.

त्या वेळी मी समोर बघितलं. आता मला दिसत होतं, ट्रॉली गेली होती. सरळ रस्ता, लांबवर कडेला बाभळी, आणि चिटपाखरू नाही. एक नाही, दोन नाही, काहीच नाही. सिस्टरांनी गाडी चालू केली, बंद पडली, परत चालू केली, कडेला घेतली, तरी समोरून काही आलं नाही. बऱ्याच वेळानं एक दूधवाला आला, सायकलवर.

मला सगळं कळलं होतं. सिस्टरांचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. मीच तीनदा म्हणून घेतलेला नियम मीच मोडला होता आणि समोरून खरंच काही आलं असतं तर माझ्या पायानं चौघांना मारलं असतं. एवढं सगळं कळून मी काय बोललो?

मी ओरडलो, "डोळं फुटलं काय तुझं? एवढा पण अंदाज न्हाय? मी ब्रेक मारला न्हसता तर आत्ता चौघं गेलो असतो!"

का बोललो? मागं दोघं बसले होते म्हणून. दूधवाला सायकल टेकवून बघत होता म्हणून. मास्तरला भीती वाटली हे चार माणसांत कसं कळू द्यायचं? निपाणीएवढ्या गावात ते संध्याकाळपर्यंत पसरलं असतं. क्लार्क लगेच म्हणाले, "सर होते म्हणून वाचलो." काकूंनी मान हलवली. आणि सिस्टर मला म्हणाल्या, "सर, मला मोकळा दिसला हो." आवाज एवढा बारीक. मी म्हटलं, "दिसला म्हणं!" आणि त्यांना मागं बसवून गाडी स्वतः परत आणली.

दुसऱ्या दिवशी मी वाट बघितली. मनाशी ठरवलं होतं, एकट्याच आल्या तर सांगून टाकायचं. नाही आल्या. लायसन झालेलं, कोर्स संपलेला, यायचं कारणही नव्हतं. तरी मी पुढचे कितीतरी दिवस सकाळी नऊची वेळ मोकळी ठेवायचो. बायको विचारायची, "कुणाला घ्यायचं ऱ्हायलंय?" मी म्हणायचो, कुणी न्हाय. दर हंगामात पहिला उसाचा ट्रॅक्टर दिसला की मी मान फिरवायचो. एकदा तर एसटीनं त्यांच्या दवाखान्याच्या गावी गेलो. फाटकातून बघितलं. त्या लेकरांना डोस पाजत होत्या, बायकांची रांग लागलेली. मी लिंबाखाली उभा राहिलो, रांग संपेना, आणि खोटं कशाला बोलू, ती संपू नये असंच मला वाटत होतं. पुढची एसटी आली, तिच्यात बसून परत आलो.

पुढं गुडघे गेले, स्कूल बंद केलं, गाडी विकली. ती ओढून नेताना मी घरात जाऊन बसलो, बघवलं नाही. आता बेळगावात शहापूरला मुलीकडं असतो. सकाळ झाली की हात शिवशिवतात. गल्लीतनं कुणी नवशिक्या गिअर खरडत गेला की मी दारात येऊन उभा राहतो, क्लच, बाबा, क्लच. कुणाच्या तरी शेजारी बसून "दिसतंय काय?" विचारावं आणि त्यानं "दिसतंय" म्हणावं, याची इतकी आठवण येते की सांगून खरं वाटणार नाही. आणि त्या आठवणीत दर वेळी उजवीकडं बसलेल्या असतात त्या सिस्टरच.

गेल्या जानेवारीत बेळगावजवळ कडोलीच्या साहित्य संमेलनाला गेलो होतो. वर्षातनं एकदा जातोच. दुपारचं जेवण झालं, पुस्तकांच्या टेबलापाशी उभा होतो, तर मागून आवाज, "जयभीम सर. ओळखलं काय?"

वैशाली सिस्टर. केसांत थोडी पांढरी बट, हातात तीन-चार दिवाळी अंकांचं बंडल, निम्म्या किमतीत मिळालेलं. मी जयभीम म्हटलं. पुढं त्याच बोलल्या. दोन मुलं झाली, आई आता त्यांच्याकडंच, दवाखाना तोच. "सर, कसं जाणार? चला, मी सोडते. गाडी आणलीय."

गाडी आणलीय! एवढा आनंद मला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता. म्हणजे चालवतात. सोडलं नाही. मी डाव्या सीटवर बसलो आणि मनात म्हटलं, बेळगाव येईपर्यंत सांगायचं. आता रांग नाही, फाटक नाही, मागं कुणी बसलेलं नाही.

काय चालवत होत्या म्हणून सांगू! क्लच तोच, मऊ. खड्डा लांबून ओळखून हळू होणं, गिअर कधी बदलला ते कळायचं नाही. माझ्या हातचं काम मी बघत होतो आणि छाती फुगत होती. गावाबाहेर आलो आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. दोन ट्रॉल्या.

सिस्टर मागं राहिल्या, पाहिजे तेवढ्याच. मी वाट बघितली. एक सरळ पट्टा गेला, दुसरा गेला. मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून पुढं गेल्या. रस्ता डावीकडं वळला तेव्हा मला डाव्या बाजूनं पुढचं सगळं दिसलं. डाव्या वळणावर तेवढं भाग्य मास्तरलाही मिळतं. मी म्हटलं, "मोकळा हाय, सिस्टर. जावा."

"असू दे सर. जातोय की हळूहळू."

"का हो?"

त्या हसल्या. "मी कुणाच्या पुढं जात न्हाय सर. त्या दिवसापास्नं न्हाय. दवाखान्याला सातला निघालं तरी पुरतं, पण ट्रॅक्टर लागतात, म्हणून मी साडेपाचला निघते. तेव्हा रस्त्यावर कोण नसतं. आज निपाणीस्नं आले ते पण हायवेला ट्रकच्या मागनंच. तालुक्याला बढती मिळालती, रोज लांबचा फिरता दौरा होता. नको म्हटलं."

माझा पाय खाली काहीतरी शोधत होता. मी म्हटलं, "अकरा वर्षं?"

"मग काय तर. माझा अंदाज चुकतो हे मला तुमच्यामुळं कळलं. मला तर रस्ता मोकळा दिसत होता सर! अजून डोळं मिटलं की मोकळाच दिसतो. म्हणजे बघा, किती खोटं दिसत असंल मला. मी पोरांना सांगते, आमच्या सरांनी ब्रेक मारला म्हणून तुमची मम्मी हाय."

यापुढं मी बोलायला पाहिजे होतं. वाक्य तयार होतं, अकरा वर्षं घोकलेलं. त्या इतक्या मायेनं बोलत होत्या, की मला वाटलं, आता सांगितलं तर ही माया जाईल. आधी अब्रूसाठी गप्प राहिलो होतो, आता मायेसाठी. ट्रॅक्टर कारखान्याकडं वळून गेला, पुढं सगळा रस्ता रिकामा, तरी त्या त्याच वेगानं चालवत होत्या. मी काचेतून शेतं बघत राहिलो.

शहापूरला गल्ली अरुंद म्हणून कोपऱ्यावर उतरलो. मी म्हटलं, "आत चला, चहा घेऊ." त्या म्हणाल्या, "नको सर, आत्ता निघाले तर गर्दीच्या आत पोचंन." मागच्या सीटवरच्या बंडलातला एक अंक दाखवून म्हणाल्या, "ह्यो मी दर वर्षी घेते. तुम्ही पण लिवा की सर एकदा, तुमच्याकडं लई असंल." मी म्हटलं, "जपून जावा." एवढंच म्हटलं.

तो अंक म्हणजे हाच. संपादकांचा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं ते यासाठी. फोनवर सांगता आलं असतं, घरी जाऊन सांगता आलं असतं. पण मी ओरडलो होतो ते चार माणसांच्या देखत, तर हे पण माणसांच्या देखतच व्हायला पाहिजे. मागं बसलेले ते क्लार्क आणि त्या काकू हे वाचत असतील तर त्यांनीही ऐकावं. सिस्टरांच्या मुलांना कुणीतरी वाचून दाखवावं.

वैशाली सिस्टर, तुमचा अंदाज चुकला नव्हता. दोन ट्रॉल्या तुम्ही ओळखल्या, गिअर बरोबर टाकला, वेळ बरोबर धरली. समोर काही नव्हतं, मी नंतर माझ्या डोळ्यांनी बघितलं. आरशाला ऊस लागला आणि मी भ्यालो. ब्रेकनं कुणाला वाचवलं नाही. तुम्ही पुढं गेला असता तर आपण सगळे हसत चिकोडीला चहा प्यालो असतो. रस्ता मोकळाच होता. तुम्हाला खरं तेच दिसत होतं, आणि मी तुम्हाला ते खोटं म्हणून सांगितलं. मला माफ करा असं मी म्हणणार नाही, तेवढा अधिकार मला नाही. रागवायचं असेल तर रागवा, पोरांना खरं सांगा.

पण उद्यापास्नं साडेपाचला निघू नका. सातला निघा.